गोव्यातल्या छोट्या वर्कशॉपने डिफेन्सच्या कामात कसं शिरायचं

कुंडई, मडकई, वेर्णा, डिचोली, होंडा, आपल्या कुठल्याही इंडस्ट्रियल इस्टेटीत चक्कर मारा, दोन-तीन लेथ, एक मिलिंग, बाहेर पत्र्याच्या शेडखाली वेल्डिंग अशी युनिटं ढिगाने दिसतील. यातली बरीच एकेकाळी मायनिंगवर जगली, बार्जचं रिपेरिंग, कन्व्हेयरचे रोलर, टिपरच्या बॉडी, क्रशरचे पार्ट. २०१२ ला खाणी थांबल्या, मग जरा सुरू झाल्यासारखं झालं आणि २०१८ ला परत थांबल्या, तेव्हा कित्येकांनी मशीनवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या हातांना डिफेन्सच्या कामात, खास करून जहाजांच्या कामात, जागा आहे आणि देशालाही हे हात हवेत. आत शिरायची वाट मात्र कुणी नीट बसून सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी देशाला ह्याची गरज का ते बघू, आणि उदाहरण आपल्या वास्कोचंच घेऊ.

रशिया स्वतःच्या नौदलासाठी काही फ्रिगेट, म्हणजे मधल्या आकाराच्या युद्धनौका, बांधत होता, कालिनिनग्रादच्या यांतर शिपयार्डमध्ये. त्यांची इंजिनं, म्हणजे गॅस टर्बाइन, यायची युक्रेनच्या झोर्या-माशप्रोएक्त ह्या कंपनीकडून. २०१४ ला रशियाने युक्रेनचा क्रिमिया ताब्यात घेतला आणि युक्रेनने इंजिनं द्यायचं बंद केलं. जहाजांचे सांगाडे तयार, पोलाद आहे, कामगार आहेत, अण्वस्त्रं बाळगणारा एवढा मोठा देश, आणि इंजिन नाही म्हणून जहाजं धक्क्याला अडकून पडली. पुढे आपण त्यातली दोन घेतली, इंजिनं आपण स्वतः युक्रेनकडून विकत घेऊन दिली, आणि ती आयएनएस तुशील आणि आयएनएस तमाल म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जुलैत आपल्या नौदलात आली. त्याच जातीची आणखी दोन टेक्नॉलॉजी ट्रान्सफर घेऊन वास्कोच्या गोवा शिपयार्डमध्ये बांधायला घेतली, त्रिपुट जुलै २०२४ मध्ये पाण्यात उतरली आणि तवस्या मार्च २०२५ मध्ये. एका पार्टसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायची पाळी आली की काय होतं ते ह्यात सगळं आलं. इंजिन फार मोठी गोष्ट झाली, पण व्हॉल्व्ह, पंप, पाइपचे फ्लँज, केबल ग्लँड, वॉटरटाइट दरवाजे यातलं काहीही बाहेरून यायचं असेल आणि ते आलं नाही तर जहाज तसंच उभं राहतं.

आता पैशाची बाजू. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे दीड लाख कोटी रुपयांचं संरक्षण उत्पादन झालं, त्यात प्रायव्हेट कंपन्यांचा वाटा साधारण २३ टक्के. एक्स्पोर्ट त्याच वर्षी २३,६२२ कोटी, जी २०१३-१४ ला फक्त ६८६ कोटी होती. सरकारने २०२९ पर्यंत ३ लाख कोटींचं उत्पादन आणि ५० हजार कोटींची एक्स्पोर्ट असं टार्गेट ठेवलंय. हे आकडे कागदावर मोठे वाटतात, पण ते खाली झिरपतात कसे ते महत्त्वाचं. जहाज वास्कोत बांधलं आणि त्यातला प्रत्येक फिटिंगचा तुकडा परदेशातून कंटेनरने आला तर आपल्याकडे राहते ती फक्त वेल्डिंगची मजुरी. तोच तुकडा कुंडईत टर्न झाला, वेर्ण्यात कोटिंग झालं, त्याचं मटेरियल भिलाईच्या प्लँटमधून आलं, तर त्या एका तुकड्यावर पाच-सहा घरं चालतात आणि उद्या तो तुकडा मोडला तर दुसरा तिथल्या तिथे बनतो. सुरक्षा आणि रोजगार ह्या दोन वेगवेगळ्या गोष्टी नाहीतच इथे.

मिसाइल विसरा, पाइप बघा

डिफेन्स म्हटलं की लोक लगेच तोफा, मिसाइल, ड्रोन यांच्या गप्पा सुरू करतात. छोट्या युनिटने तिकडे बघूच नये सुरुवातीला. त्रिपुटचं वजन साधारण ३,६०० टन आणि लांबी १२४ मीटरच्या वर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं अख्खं गावच, त्यात लोक झोपतात, जेवतात, आंघोळ करतात. तिथे पाइप सपोर्ट लागतात, केबल ट्रे लागतात, व्हेंटिलेशनची डक्ट, शिड्या, रेलिंग, ग्रेटिंग, बंक, गॅलीतली स्टेनलेसची टेबलं, स्टोअरचे रॅक, हॅच, फाउंडेशन प्लेट. यातलं निम्मं काम आपल्या युनिटांनी बार्जवर आयुष्यभर केलेलं आहे. फरक कुठे आहे ते पुढे सांगतो, पण हात नवा नाही हे आधी डोक्यात पक्कं करा.

आणि काम एकदोन जहाजांचं नाही. मार्च २०२३ मध्ये नौदलाने ११ नवीन ऑफशोर पेट्रोल व्हेसलचं, म्हणजे गस्ती जहाजांचं, कॉन्ट्रॅक्ट दिलं, ९,७८१ कोटींचं, त्यातली ७ गोवा शिपयार्डला आणि ४ कोलकात्याच्या गार्डन रीचला. त्याशिवाय कोस्ट गार्डची जहाजं वेगळी. १९५७ साली पोर्तुगीजांनी खाणीच्या बार्ज बांधायला काढलेलं हे यार्ड आज युद्धनौका बांधतंय, आणि ते आपल्या घरापासून तासाभरावर आहे. पुण्या-कोइम्बतूरच्या माणसाला एका इन्स्पेक्शनसाठी विमानाने यावं लागतं, तुम्ही सकाळी फोन आला की दुपारी गेटवर. रिजेक्ट पीस परत आणून रात्रीत दुरुस्त करून देऊ शकता. ह्या जवळ असण्याची किंमत आपले लोक धरतच नाहीत कोटेशन लिहिताना.

एकच आयटम धरा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. 'आम्ही सगळं करतो' असं कॅटलॉग घेऊन गेलात तर समोरच्याला तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. एक वस्तू ठरवा, किंवा एक कुटुंब म्हणा, जसं फक्त पाइप सपोर्ट आणि क्लॅम्प, किंवा फक्त स्टेनलेस फर्निचर, किंवा फक्त गनमेटलचे छोटे कास्टिंग आणि त्यांचं मशीनिंग.

शोधायचं कुठे तर सरकारचं सृजन नावाचं पोर्टल आहे, २०२० मध्ये सुरू झालं, त्यावर सरकारी डिफेन्स कंपन्या आणि सेनादलं आजवर बाहेरून आणत असलेल्या वस्तू टाकतात, की बाबा हे आम्ही इम्पोर्ट करतो, कुणाला इथे बनवायचंय का. नुसतं नाव नसतं, बऱ्याच ठिकाणी स्पेसिफिकेशन, वर्षाला किती लागतात वगैरे असतं. त्याच्या जोडीला पॉझिटिव्ह इंडिजनायझेशन लिस्ट बघा, म्हणजे अमुक तारखेनंतर ही वस्तू बाहेरून आणायची नाही अशी यादी. फक्त सरकारी डिफेन्स कंपन्यांच्या अशा याद्यांमध्ये मिळून ५,००० च्या वर वस्तू आहेत, त्यात मोठी उपकरणं आहेत तशी सील, बेअरिंग, होज असल्या साध्या दिसणाऱ्या चिजाही आहेत. एक रविवार द्या, चहा घेऊन बसा, आपल्या मशीनवर काय बसतं ते निशाण करत जा.

निवडताना तीन गोष्टी विचारा स्वतःला. मटेरियल मला भारतात सर्टिफिकेटसकट मिळतंय का. टेस्टिंग कुठे होणार आणि त्याला किती पैसे. आणि दर वर्षी ह्याची मागणी येणार की एकदाच. तिसऱ्यात बरेच लोक फसतात, सुंदर पार्ट डेव्हलप करतात, डाय बनवतात, पैसे घालतात आणि लागतात अख्ख्या जहाजाला चार. म्हणून जे झिजतं, बदलावं लागतं, प्रत्येक रिफिटला नवं लागतं असं धरलेलं बरं. रिफिट हा शब्द लक्षात ठेवा, जहाज वीस-पंचवीस वर्षं चालतं आणि दर काही वर्षांनी दुरुस्तीला येतं, नवीन बांधणीपेक्षा हे काम जास्त टिकाऊ असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

रजिस्ट्रेशनचं काम, हे पटकन उरकायचं

उद्यम, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी रजिस्ट्रेशन, पाहिजेच, फुकट आहे, ऑनलाइन आहे, एजंटला पैसे देऊ नका. एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्यात, मायक्रो म्हणजे अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल, त्यामुळे आपली बहुतेक युनिटं त्यातच बसतात. मग जीईएम ह्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर सेलर म्हणून नाव, डिजिटल सिग्नेचर, आणि शिपयार्डच्या वेबसाइटवरून व्हेंडर रजिस्ट्रेशन. तिथे मशीनची यादी, माणसं, आधीच्या ऑर्डर, बॅलन्स शीट असं मागतात, आणि बऱ्याचदा टीम येऊन वर्कशॉप बघून जाते. आयएसओ ९००१ जवळजवळ सगळीकडे विचारतात. झेड, म्हणजे बिनदोष मालासाठीचं सरकारी सर्टिफिकेशन, पण करून घ्या, मायक्रो युनिटला त्याच्या फीमध्ये ८० टक्के सबसिडी आहे.

कुणी 'मी तुला व्हेंडर कोड काढून देतो, एवढे द्या' म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ह्यात कोड काढून द्यायचं काही नसतं, कागद पूर्ण असले आणि शेड नीट असली की होतं, आणि नसली तर पैसे देऊनही पुढच्या पायरीवर अडकताच.

लायसन्सची भीतीही बऱ्याच जणांच्या मनात असते. शस्त्रं, दारूगोळा, ठरावीक यादीतल्या वस्तू बनवायला इंडस्ट्रियल लायसन्स लागतं हे खरं, पण ब्रॅकेट, पाइप, फर्निचर, साधे मशीन केलेले पार्ट यांना ते लागत नाही. तुमची वस्तू यादीत आहे का ते आधी तपासा आणि मोकळे व्हा.

हीट नंबर, रॉड आणि पावसाळा

आता खरा फरक. बार्जचं काम आणि नेव्हीचं काम यात वेल्डिंगचा हात तोच असतो, पण इथे प्रत्येक तुकड्याला त्याचा जन्मदाखला लागतो.

प्लेट येते तेव्हा तिच्यावर हीट नंबर असतो, म्हणजे ती स्टील प्लँटच्या कुठल्या लॉटमधून आली त्याचा नंबर, आणि तोच नंबर मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर असतो, तिथे कार्बन किती, मँगनीज किती, ओढून तुटायला किती ताकद लागली सगळं लिहिलेलं. आता समजा २० मिलिमीटरची प्लेट आलीय, कोपऱ्यात पांढऱ्या पेंटने नंबर आहे. तुमच्या माणसाने सोयीचं म्हणून नेमका तोच कोपरा आधी कापला, त्यातून चार ब्रॅकेट काढले आणि उरलेली प्लेट भिंतीला टेकवून ठेवली. दोन दिवसांनी त्याच प्लेटमधून फ्लँज काढले, टर्न केले, ड्रिल केले, आरशासारखे चकचकीत. इन्स्पेक्टर येतो, फ्लँज हातात घेऊन उलटासुलटा करतो आणि विचारतो नंबर कुठाय. तुम्हाला माहीत आहे, त्यालाही दिसतंय की शेडमध्ये ह्या जाडीची एकच प्लेट आहे, तरी तो सही करू शकत नाही. डायमेन्शन शंभर टक्के बरोबर असून लॉट बाजूला पडतो.

उपाय अगदी साधा आहे. कापायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, नंबर हार्ड पंचने प्रत्येक तुकड्याच्या जागेवर उतरवायचा, आणि जिथे ऑर्डरमध्ये लिहिलंय तिथे इन्स्पेक्टरचा शिक्का त्याच्यासमोर मारून घ्यायचा. एक लांब रजिस्टर ठेवा, तारीख, हीट नंबर, कुठल्या ड्रॉइंगचा कुठला पार्ट, किती तुकडे, उरलेला कुठे ठेवला. उरलेल्या तुकड्यावरही नंबर हवाच. हे काम एका माणसावर टाका, जो लिहायला कंटाळत नाही असा, आयटीआयची एखादी मुलगी हे फार छान सांभाळते असं मी पाहिलंय.

सर्टिफिकेटमध्येही प्रकार असतात. ऑर्डरमध्ये ईएन १०२०४ आणि पुढे ३.१ किंवा ३.२ असं लिहिलेलं असतं. ३.१ म्हणजे मिलच्याच इन्स्पेक्शन विभागाने दिलेलं, ३.२ म्हणजे त्याच्या जोडीला बाहेरच्या स्वतंत्र इन्स्पेक्टरचीही सही. ३.२ चं मटेरियल महाग पडतं आणि उशिरा मिळतं, कोटेशन द्यायच्या आधी हे वाचलं नाही तर सगळा नफा तिथेच जातो.

वेल्डिंगला येऊ. तुमचा वेल्डर कितीही हुशार असो, त्याची टेस्ट झालेली लागते, क्लासिफिकेशन सोसायटीसमोर, म्हणजे जहाजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेसमोर, आपल्याकडे बहुतेक वेळा आयआरएस, म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग. आधी वेल्डिंग प्रोसिजर लिहायची, त्याप्रमाणे टेस्ट पीस करायचा, तो वाकवून, ओढून, एक्स-रे काढून पास करायचा, मग ती प्रोसिजर मंजूर, मग त्या प्रोसिजरवर माणूस मंजूर. पाइपसाठी सिक्स-जी पोझिशन करून घ्या, पाइप ४५ अंशात तिरका बांधून ठेवतात आणि वेल्डरने त्याच्याभोवती फिरून जोड मारायचा, हे ज्याला जमलं त्याला बाकी पोझिशन बहुतेक आपोआप मिळतात. दोन वेल्डर तरी पास करून ठेवा, एक गल्फला गेला की काम बंद अशी पाळी येऊ नये.

आता आपल्या हवेबद्दल, कारण हे बाहेरच्या पुस्तकात मिळत नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा अशी दमट असते की लो-हायड्रोजन वेल्डिंग रॉड, ई७०१८ वगैरे, पाकीट फोडून बाकावर ठेवला की ओल धरतो. तो ओल धरलेला रॉड वापरला तर वेल्डमध्ये हायड्रोजन शिरतो, जोड वरून सुंदर दिसतो आणि एक-दोन दिवसांनी आतून क्रॅक. बेकिंग ओव्हन विकत घ्या, रॉड कंपनीने सांगितलेल्या टेंपरेचरला, साधारण ३०० ते ३५० डिग्रीला, भाजून घ्या, मग वेल्डरच्या हातात गरम राहणाऱ्या डब्यातून थोडे थोडे द्या आणि कधी किती दिले ते लिहा. इन्स्पेक्टर आला की पहिलं ते ओव्हन उघडून बघतो, त्यात जेवणाचा डबा गरम करायला ठेवलेला दिसला तर पुढचं सगळं इन्स्पेक्शन कडक होतं.

दुसरं ब्लास्टिंग, म्हणजे जोरात कण मारून प्लेटचा गंज काढणं. समुद्राची खारी हवा, ब्लास्ट करून पांढरी स्वच्छ केलेली प्लेट पावसाळ्यात काही तासांत पिवळी पडायला लागते. म्हणून त्याच शिफ्टमध्ये प्रायमर गेला पाहिजे, उद्या सकाळी मारू चालत नाही. ज्यांच्याकडे बंद शेड नाही त्यांनी हे काम बाहेर द्यावं पण गाडी आणि पेंटर दोन्ही बांधून ठेवूनच.

तिसरं स्टेनलेस. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंगची चकती किंवा वायर ब्रश स्टेनलेसला लागला की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि जहाजावर महिन्याभरात तांबडे डाग. स्टेनलेसची जागा वेगळी, टूल वेगळे, वाटल्यास रंग लावून वेगळे करा. पाणी वाहणाऱ्या क्युप्रो-निकेल पाइपच्या बाबतीत तर स्वच्छता आणखी कडक.

व्हर्नियर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे माप बरोबर दाखवतात का ह्याची तपासणी, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबकडून करून घ्या आणि सर्टिफिकेटची तारीख संपायच्या आधी परत करा. प्रत्येक ऑर्डरला क्वालिटी अ‍ॅश्युरन्स प्लॅन असतो, त्यात होल्ड पॉइंट लिहिलेले असतात, म्हणजे इथे इन्स्पेक्टरने बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. ते कॅलेंडरवर टाका, इन्स्पेक्टरला आठवडाभर आधी कळवा, तुमचं काम संपलं आणि तो चार दिवसांनी आला तर ते चार दिवस तुमच्याच डिलिव्हरीतून जातात.

आणि दोष निघाला तर लपवू नका. खड्डा भरून वर ग्राइंड करून देता येतं, कदाचित पासही होतं, पण तो पार्ट समुद्रात वादळात असताना कुणाच्या तरी मुलाच्या डोक्यावर असणार आहे. दोषाचा रिपोर्ट लिहा, दुरुस्तीची परवानगी मागा, पद्धत ठरवून दुरुस्त करा. असं सांगणाऱ्या व्हेंडरला यार्डवाले धरून ठेवतात.

पैसा कसा फिरवायचा

हे काम बुडतं ते बहुधा क्वालिटीमुळे नाही, कॅशमुळे. मटेरियल रोखीने घ्यायचं, टेस्टिंगचे पैसे आधी, पगार दर महिन्याला, आणि बिल निघणार सगळं ऍक्सेप्ट झाल्यावर.

तुमच्या बाजूने काय आहे ते नीट ओळखा. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असा नियम आहे, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आणि ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांसाठी. टेंडर फी आणि ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत, माफ. म्हणून युनिट बायकोच्या किंवा बहिणीच्या नावावर असेल आणि खरोखर तीच चालवत असेल तर तसं उद्यममध्ये नोंदवा, लाजू नका.

पेमेंटचा कायदा २००६ चा. करार काही म्हणो, ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवता येत नाही, त्याच्या पुढे बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही, माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून डिलिव्हरी चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी परत आणू नका. पैसे अडकले तर एमएसएमई खात्याच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण तिथे जायच्या आधी बिल सेक्शनमधल्या माणसाला भेटा, दहातल्या आठ वेळा एखादा कागद राहिलेला असतो.

ट्रेड्स नावाची ऑनलाइन सोय आहे, सरकारी कंपन्या त्यावर आहेत, यार्डाने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका बोली लावून ते आधीच वटवून देतात, व्याज यार्डाच्या पतीप्रमाणे लागतं, तुमच्या नाही. छोट्या युनिटला ओव्हरड्राफ्टपेक्षा हे कितीतरी स्वस्त. मशीनसाठी लोन हवं असेल तर सीजीटीएमएसई ह्या सरकारी गॅरंटी स्कीमखाली तारण न ठेवता १० कोटींपर्यंतच्या कर्जाला गॅरंटी मिळते, बँक मॅनेजर आधी नाही म्हणेल, स्कीमचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या.

रेट टाकताना एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, व्हायच्या नादात टेस्टिंग, इन्स्पेक्टरच्या फेऱ्या, रिजेक्शन आणि उशिराचा दंड यांचे पैसे विसरू नका. पहिली ऑर्डर थोड्या तोट्यात घेतली तर समजू शकतो, नाव होतं, पण तोटा किती ते आधी लिहून ठरवा.

नवीन काही बनवायचं असेल तर

ज्यांच्याकडे कल्पना आहे, नुसतं जॉबवर्क नाही, त्यांच्यासाठी संरक्षण मंत्रालयाची आयडेक्स योजना आहे. २०१८ मध्ये सुरू झालं, सेनादलं आपला प्रॉब्लेम मांडतात, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग उत्तर सुचवतो, निवड झाली तर दीड कोटींपर्यंत ग्रँट, आयडेक्स प्राइममध्ये १० कोटींपर्यंत, आणि अगदी नव्या टेक्नॉलॉजीसाठी अदिती योजनेत २५ कोटींपर्यंत. निम्मे पैसे आपले घालावे लागतात हे ध्यानात ठेवा.

एकट्याने होत नाही. फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, कुंकळ्ळीला एनआयटी आहे, दोनापावलची एनआयओ, म्हणजे समुद्रविज्ञान संस्था, समुद्राखाली फिरणारी यंत्रं कित्येक वर्षं बनवतेय. त्यांच्याकडे डोकी आहेत, तुमच्याकडे मशीन आणि हात. आणि गोव्यातल्या छोट्या यार्डाने काय करून दाखवलंय ते डोळ्यांसमोर आहे. दिवाडीच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी म्हादेई बांधली, त्याच शिडाच्या बोटीवर कमांडर दिलीप दोंदे एकट्याने जग फिरून आले, मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. पुढे तारिणी बांधली, तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे २०१८ मध्ये पणजीला परतल्या. आणि आता कौंडिण्य, खिळा न मारता काथ्याच्या दोरीने शिवलेलं जहाज, तेही इथेच बांधलं गेलं. मोठ्या यार्डाचं नाव पाठीशी नसताना नौदलाने विश्वास टाकला, कारण काम बोललं.

आपण मागायचं काय

वर्कशॉपने आपलं सगळं केलं तरी काही गोष्टी सरकारच्याच हातात आहेत, आणि त्या मागायला आपण कमी पडतो.

पहिली म्हणजे सलग ऑर्डर. सुरुंग शोधून निकामी करणारी १२ जहाजं गोवा शिपयार्डमध्ये परदेशी यार्डाच्या मदतीने बांधायची असं ठरत होतं, वर्षानुवर्षं बोलणी चालली, २०१८ च्या सुरुवातीला ते सगळं रद्द झालं. २०१९ ला नौदलाचं शेवटचं माइनस्वीपर, आयएनएस कोझिकोड, निवृत्त झालं आणि तेव्हापासून ह्या कामाचं खास जहाज आपल्याकडे नाही. जुलै २०२५ मध्ये अशा जहाजांना पुन्हा पहिली मंजुरी मिळाली. मधली ही वर्षं म्हणजे नौदलाची उणीव तर झालीच, पण त्या कामाच्या आशेवर ज्यांनी तयारी केली असती त्यांचंही नुकसान. छोटं युनिट पाच वर्षांचं चित्र दिसल्याशिवाय मशीन घेऊच शकत नाही.

दुसरी म्हणजे मूळ मटेरियल आणि डिझाइन इथलं असणं. आयएनएस विक्रांत बांधताना रशियाकडून पोलाद मिळायला अडचण आली तेव्हा डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आणि सेल ह्या सरकारी पोलाद कंपनीने मिळून डीएमआर जातीचं पोलाद इथे बनवलं, सेलने त्या जहाजाला साधारण ३० हजार टन दिलं, आणि आज आपल्या युद्धनौका त्याच पोलादाच्या. विक्रांतमध्ये ७६ टक्के माल देशी आहे आणि शंभरावर छोट्या-मध्यम उद्योगांचा हात लागलाय. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना मार्च २०१६ मध्ये नाकेरी-बेतूलला डिफेक्स्पो भरला होता, तेव्हाच नव्या खरेदी धोरणात, डिझाइनपासून उत्पादनापर्यंत भारतात झालेल्या वस्तूला सगळ्यात आधी प्राधान्य द्यायचं असा नवा वर्ग आला. आपल्या गोव्याच्या मातीवर जाहीर झालेली ती गोष्ट आहे, तिचा फायदा गोव्याच्या वर्कशॉपनी घ्यायला नको का?

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात जवळची, एक सामायिक टेस्टिंग सेंटर. एक्स-रे, अल्ट्रासोनिक, टेन्साइल, सॉल्ट स्प्रे, कॅलिब्रेशन एका जागी, इस्टेटीतल्या युनिटांना परवडेल अशा दरात. प्रत्येकाने स्वतःचं घेणं अशक्य आहे आणि पुण्याला-बेळगावला पीस पाठवण्यात आठवडा जातो. इंडस्ट्रीज असोसिएशनच्या प्रत्येक मीटिंगमध्ये हा विषय मांडा, लेखी मांडा, दहा युनिटांच्या सह्या घेऊन. सोबत आयटीआयमध्ये जहाजाच्या वेल्डिंगचा आणि पाइप फिटिंगचा खास कोर्स मागा, आपली पोरं क्रूझवर आणि गल्फमध्ये जातात त्यातली थोडी तरी इथे चांगल्या पगारावर राहतील.

बाहेर विकताना आणि ड्रॉइंग सांभाळताना

गोवा शिपयार्डने श्रीलंकेला सयुराला आणि सिंदुराला ही दोन मोठी गस्ती जहाजं दिलीत, तेव्हा एक्स्पोर्टच्या जहाजात तुमचाही पार्ट जाऊ शकतो. स्वतः परस्पर बाहेर विकायचं असेल तर स्कोमेट, म्हणजे एक्स्पोर्टला परवानगी लागणाऱ्या वस्तूंची सरकारी यादी, बघितल्याशिवाय माल हलवू नका, लष्करी वापराच्या वस्तूंना आधी परवानगी लागते, आणि ती नुसत्या वस्तूला नाही, टेक्नॉलॉजीला पण लागते, म्हणजे ड्रॉइंग ईमेल करणं हेसुद्धा त्यात येऊ शकतं.

ड्रॉइंगच्या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई आहे. यार्डातून आलेलं ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर टर्नरला पाठवायचं नाही, त्याला छापील कॉपी द्यायची, कॉपीवर नंबर टाकायचा आणि संध्याकाळी परत घ्यायची. शेडमध्ये जॉबचे फोटो काढून स्टेटसला लावायचे नाहीत, पोरांना हे समजावून सांगा, ती अभिमानाने लावतात. कम्प्युटर ज्यात ड्रॉइंग आहे तो ऑफिसच्या वायफायवर सगळ्यांसाठी उघडा ठेवू नका, पेन ड्राइव्ह बाहेरचा लावू देऊ नका. जुनी रिव्हिजन आणि नवी रिव्हिजन वेगळ्या फाइलीत, जुनीवर मोठा लाल शिक्का, कारण जुन्या ड्रॉइंगवर बनलेला पार्ट हा सगळ्यात महागडा भंगार. ऑर्डर संपली की ड्रॉइंग परत करायचं, समोरच्याची सही घ्यायची आणि ती पोच त्याच ऑर्डरच्या फाइलीत लावायची, पुढची ऑर्डर देताना ती मागतात.